उजव्या हाताचा घास

अंगावरून वारं गेलेल्या बाईवर कुणी जळतं का? मी जळले. खोटं कशाला बोलू? आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बाया जळत होत्या. फरक एवढाच की बाकीच्या वरून 'बिचारी, बिचारी' म्हणायच्या आणि मी गप बसून जळायची.

बाईचं नाव राजकन्या. लातूरला मार्केट यार्डाच्या मागं आमची गल्ली आहे, तिथं तिची आणि माझी भिंत एक. तिनं कढई ठेवली की आवाज माझ्या घरात येतो, माझ्याकडची भांडणं तिच्या घरात जातात. तिचा नवरा सटवाजी. किल्लारी-लातूर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे. मूळ गाव किल्लारीकडंच, थोडी शेती तिकडं भावाच्या हाती. एक मुलगा सत्यम, तो पुण्याला कंपनीत, आणि त्याचं आईबापाशी बोलणं फोनवर.

सटवाजीभाऊ आधी कसे होते ते सांगितल्याशिवाय माझं जळणं कळायचं नाही. जीप गल्लीच्या तोंडाशी आली की ते हॉर्न द्यायचे. हॉर्न वाजला म्हणजे पाणी तापलेलं पाहिजे, ताट वाढलेलं पाहिजे. एकदा भाजीत मीठ कमी होतं. मिठाचा डबा हात लांब केला तर लागेल एवढ्यावर होता. हा माणूस ताटासमोर तसाच बसून राहिला, राजकन्या वहिनी गिरणीवरून दळण घेऊन येईपर्यंत. तिनं आल्या आल्या मीठ वाढलं आणि वर, भूक लागली असेल तुम्हाला, म्हणून हळहळली. ती स्वतः जेवायची ते भाऊ आडवे झाल्यावर, चुलीशी बसून. आम्ही बाया त्यांना पाठीमागं 'राजे' म्हणायचो. पण असा एकेक राजा आमच्याही घरोघरी होताच, त्यामुळं त्या हसण्यात फारसा जोर नसायचा.

संक्रांतीनंतर माझ्याकडं हळदीकुंकू होतं. वाण घ्यायला वहिनीनं पुढं केलेला हात मधेच खाली पडला आणि तोंडाची एक बाजू ओघळली. कुणी म्हणालं पित्त चढलंय, जरा पडू द्या. कुणी हुंगायला कांदा आणायला धावलं. गलका ऐकून शेजारून धावत आलेल्या सटवाजीभाऊंनी कुणाचंच ऐकलं नाही. तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि सरळ दवाखाना गाठला. वेळेत आणलं म्हणून वाचली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ते श्रेय भाऊंचं आहे, मी ते काढून घेणार नाही.

वहिनी घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत चालायची, उजवा हात पोटाशी मुडपलेला असायचा आणि एकेक शब्द तोंडात यायला फार वेळ लागायचा. समजायचं सगळं, पण बाहेर काढताना अडकायचं. आणि सटवाजीभाऊंचं काय झालं म्हणता? जीप पुतण्याला चालवायला दिली आणि घरात बसले. वहिनीचे केस विंचरायला लागले. वेणी घालायला शिकले, आधी वाकडीतिकडी, मग सरळ. कुंकू लावून द्यायचे. संध्याकाळी तिला ओट्यावर खुर्चीत बसवायचे आणि सगळ्या गल्लीदेखत एकेक घास भरवायचे. घास तिच्या तोंडाजवळ गेला की लहान पोराला भरवणाऱ्या आईसारखं यांचंच तोंड उघडायचं. ज्या माणसानं कधी मीठ उचलून घेतलं नाही, तो वरणभात कालवतोय, फुंकर घालतोय, स्वतःच्या रुमालानं तिची हनुवटी पुसतोय.

माझ्या पोटात दुखायला लागलं. मी दिवसभर उभी. भाकऱ्या, धुणं, सासरच्यांचं येणंजाणं. आणि माझे मालक, नरसिंग त्यांचं नाव, आडतीवरून आले की टीव्हीसमोर ताट मागणार. एकदा मी त्यांना दाराशी बोलावून समोरचं दाखवलं आणि म्हटलं, बघा जरा, शिका काहीतरी. ते म्हणाले, त्याला आता दुसरा धंदा काय हाय, आणि आत जाऊन बातम्या लावल्या.

भरवण्याचं कारणही सांगितलं पाहिजे. वहिनी डाव्या हातानं जेवायला तयार नव्हती. डाव्या हाताची कामं वेगळी. त्याच हातानं अन्नाला कसं शिवायचं? दवाखान्यात नर्सनं डाव्या हातात चमचा दिला, तर तिनं तो ताटात ठेवून दिला होता. चहाचा कप धरायची, तेवढंच. उजवा हात उठत नव्हता आणि डावा चालत नव्हता, म्हणून राहिला नवऱ्याचा हात. आम्हाला सगळ्यांना हे इतकं रास्त वाटलं की यात काही चुकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लोकांनी सुचवायचं ते सुचवलंच. कबुतराचं रक्त चोळा म्हणाले. उदगीरच्या पलीकडं कर्नाटकच्या हद्दीवर एकजण वाऱ्याचं औषध देतो म्हणाले, तर तिकडंही जाऊन आले. तो काढा पिऊन वहिनीला जुलाब झाले आणि हात होता तसाच राहिला. मग डॉक्टरांनी भाऊंना चांगलं झापलं आणि फिजिओथेरपीसाठी एक मुलगी घरी पाठवली.

अंजू तिचं नाव. नांदेडकडची, उमरीची. स्कूटीवर यायची, पाठीवर सॅक. गल्लीनं लगेच तिचं नाव 'मालिशवाली' पाडलं, आणि ती मालिश करत नाही हे कळल्यावर गल्लीची फार निराशा झाली. मशीनही काढलं नाही तिनं. सटवाजीभाऊंना वाटलं होतं, करंट लावतील आणि उतरलेली बॅटरी चार्ज करावी तसा हात उठेल.

पहिल्या दिवशी मी ताक घेऊन गेले होते. ताक हे निमित्त, मला बघायचं होतं. अंजू वहिनीच्या समोर स्टूल घेऊन बसली आणि तिनं विचारलं, "मावशी, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

"बरं व्हायचंय तिला," सटवाजीभाऊ म्हणाले.

"काका, मी मावशीला विचारलं."

मग नुसतं बसणं झालं. वहिनीचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. भाऊ मधे बोलायला गेले, अंजूनं हात वर करून थांबवलं. आमच्या घरात एवढा वेळ कुणी बाईच्या उत्तरासाठी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "जेवायचं."

भाऊ हसले आणि म्हणाले, मी भरवतो की. वहिनी हसली नाही.

डाव्या हाताचं प्रकरण अंजूला कळलं तेव्हा मला वाटलं, आता ही शिकलेली मुलगी वहिनीला अडाणी ठरवणार. ती उलट खूश झाली. म्हणाली, नकाच जेवू डाव्यानं, तुमचा हा हट्ट आपल्या फार कामाचा आहे. मग तिनं समजावलं. हात मोडलेला नाही, मेंदूतून हाताकडं जाणारी वाट मोडली आहे. दुसरी वाट पडू शकते, पण ती येजा केली तरच पडते. हाताला काम सांगत राहिलं तर तो आठवत जातो, आणि त्याच्या वाटचं काम दुसऱ्यानंच उरकलं तर विसरत जातो. सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं परत येतं तेवढं पुढं इतक्या सहज येत नाही. मी येणार घडीभर, बाकीचा दिवस तुमच्या हाती आहे. आणि काका, भरवणं हळूहळू बंद करायचं.

भाऊंचा चेहरा उतरला. मग काय उपाशी मारू का हिला, असं त्यांनी विचारलं. अंजू म्हणाली, एकदम नाही. पहिले काही घास मावशी घेतील, थकल्या की पुढचं तुम्ही. भात घट्ट कालवा, काठाचं ताट घ्या, कोपर टेकायला टेबल ठेवा. आणि सांडू द्या.

ते 'सांडू द्या' भाऊंच्या घशाखाली उतरलं नाही. अंजूसमोर मान हलवली आणि संध्याकाळी ओट्यावर पुन्हा आपले कालवून भरवायला बसले. बाया पुन्हा 'नवरा असावा तर असा' म्हणाल्या, आणि मी ते भिंतीआडून ऐकलं.

अंजू मात्र तिचं काम करत राहिली. टेबलावर हात टेकवून पुढं सरकवायचा, मूठ उघडायची, एका वाटीतले तुरीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायचे. दाणे खाली पडायचे, वहिनी पुन्हा सुरुवात करायची. छान करून राहिल्या मावशी, असं अंजू म्हणायची, आणि वहिनी हसायची. त्या एका बाजूच्या हसण्याचा आवाज भिंतीतून माझ्याकडं यायचा. मी पण अंजूला धरलं होतं, माझी कंबर दुखते म्हणून. सगळं वहिनीलाच का मिळावं? तिनं मला व्यायाम सांगितले. दोन दिवस केले, दुखायचं थांबलं, मी सोडून दिले. पुन्हा दुखायला लागल्यावर तक्रार घेऊन गेले तर म्हणाली, काकू, दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

सटवाजीभाऊ त्या वेळेला दारात उभे असायचे. आत यायचे नाहीत, बाहेर जायचे नाहीत. अंजूची स्कूटी गेली की वहिनीला म्हणायचे, मला बी करून दाखव. ती बिचारी दमलेली. हात हलायचा नाही. मग माझ्याकडं येऊन कुरकुर करायचे की तिच्यासमोर हलतो आन् माझ्यासमोर न्हाई. घरात सवत आल्यावर बाई जळावी तसा हा माणूस त्या कालच्या पोरीवर जळायला लागला. मला ते लगेच कळलं. जळणाऱ्याला जळणारा बरोबर ओळखू येतो.

एक दिवस ते गंजगोलाईच्या बाजारातून लाल रबरी चेंडू घेऊन आले. कुणीतरी सांगितलं होतं की चेंडू दाबला की हातात जोर येतो. अंजूनं तो वहिनीच्या मुठीतून काढून टेबलावर ठेवला. यांची मूठ आपोआपच आवळते, म्हणाली. आवळायला नाही, उघडायला शिकवायचंय. चेंडूनं ती आणखी घट्ट होईल. दुसऱ्या कुणाला चालत असेल, मावशीला नाही. भाऊंनी चेंडू खिशात घातला. संध्याकाळी मला म्हणाले, आपला चेंडू नको, तिचे दाणे पाहिजेत.

त्याच आठवड्यात अंजूनं खुर्चीवरून उठवायचं कसं ते शिकवलं. नमुना म्हणून मला बसवलं. पाय मागं घ्यायचे, पुढं झुकायचं, धरणाऱ्यानं कमरेला धरायचं. माझ्यासारखी जाडजूड बाई तिनं सहज उभी केली. मग भाऊंकडं वळून म्हणाली, काका, आजारी हाताला धरून कधी ओढायचं नाही, काखेत हात घालूनही उचलायचं नाही. खांदा सैल पडलेला असतो, निसटतो. भाऊंनी ऐकलं आणि ऐकलंही नाही. ती गेल्यावर म्हणाले, दवाखान्यात मी उचलून नेली हिला, आता मला उचलायला शिकवती.

आणि मग वहिनीचा खांदा दुखायला लागला. साधं दुखणं नव्हे. कूस बदलली तरी कळ यायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पदर सारखा करायला कुणी हात लावला तरी विव्हळायची. दाण्यांच्या वाट्या कपाटात गेल्या. भाऊंनी सत्यमला फोन लावून सांगितलं की पोरगी व्यायाम करवून करवून खांदा काढून बसली.

अंजू आली तेव्हा ते फाटकातच उभे होते. मी ओट्यावर तूर निवडत होते.

"तुझ्या व्यायामानं खांदा गेला तिचा," ते म्हणाले. "आता येऊ नको. आमचं आम्ही बघू."

अंजूचा चेहरा पडला, पण ती हटली नाही. एकदा बघू द्या म्हणाली. व्यायामात ओढ लागते, थकवा येतो, ते चालतं. अशी कळ येणं चालत नाही. माझं चुकलं असेल तर मला बघितलं पाहिजे, आणि नसेल चुकलं तरी बघितलं पाहिजे. भाऊंनी फाटकाची कडी घातली. आतून वहिनीचा आवाज आला. ती काहीतरी म्हणायला लागली होती, पण शब्द पुरा व्हायच्या आत स्कूटी निघून गेली.

त्या संध्याकाळी भाऊंनी नेहमीसारखं ओट्यावर ताट आणलं. घास तिच्या तोंडाशी नेला. वहिनीनं तोंड मिटून घेतलं. त्यांना वाटलं गरम असेल; फुंकर घालून पुन्हा नेला. तिनं मान वळवली.

"हात… माझा," ती म्हणाली.

भाऊंनी समजूत घातली, मग रागावले, मग पुन्हा समजूत घातली. ती भिंतीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. डाव्या हातानं चहा घ्यायची, दूध घ्यायची, पण नवऱ्याच्या हातचा घास नाही, आणि स्वतःच्या डाव्या हातानं तर नाहीच. गल्लीत लगेच सुरू झालं, एवढा नवरा राबतोय आन् हिचे नखरे बघा. मलाही तसंच वाटलं. मला असं कुणी भरवलं असतं तर मी काय तोंड मिटलं असतं?

पण त्याच दुपारी मी त्यांच्याकडं भाजी द्यायला गेले. भाऊ वहिनीला खुर्चीवरून उठवत होते. त्यांनी तिचा आजारी हात दंडापाशी धरला आणि ओढला, जीपच्या टपावरून पोतं ओढावं तसा. वहिनीनं दात आवळले. आवाज काढला नाही. मी भाजी ठेवली आणि परत आले.

संध्याकाळी भाऊच माझ्या दारात आले. हातात तेच ताट, भात गार झालेला. "ताराबाई, तुम्ही सांगा तिला," म्हणाले. "माझ्या हातचं खाईना झाली." मी काही बोलायच्या आत त्यांचा बांध फुटला. "ती पोरगी आली आन् ही माझी न्हाई राहिली. तिच्यासमोर हसती. उद्या तिचं तिला जेवता आलं तर मी कशाला पाहिजे?"

खरं सांगते, दया यायला पाहिजे होती. मला संताप आला. या माणसाच्या भरवण्याकडं बघून मी किती कुढले होते, आणि तो घास होता कुणासाठी?

"भाऊ, खांदा अंजूनं न्हाई ओढला," मी म्हटलं. "तुम्ही ओढला. आज दुपारी बघितलं मी. त्या पोरीनं सांगितलं व्हतं तसं धरू नका म्हणून. आन् तुम्ही भरवता तवा आम्ही बाया बघून जळतो, ते तुम्हाला गोड लागतं. तिला जेवायचंय, भाऊ. पहिल्या दिवशीच म्हणली ती."

मला वाटलं, आता ताट भिरकावतील. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, चप्पल घातली आणि चालायला लागले. अंजूचा फोन नंबर त्यांच्याकडं होता, पण ते तिच्या क्लिनिककडं स्वतः निघाले होते, हे मला नंतर कळलं.

मी ताट घेऊन वहिनीकडं गेले. भात पुन्हा गरम केला, घट्ट कालवला. तिला टेबलाशी बसवलं, कोपराखाली चादरीची घडी ठेवली. खांदा हलवायचा नव्हता, फक्त कोपरापासून वर. आणि मग मी समोर बसले. वहिनीनं मूठ उघडायला सुरुवात केली. बोटं एकेक करून, रुसल्यासारखी उघडली. भातावर गेली, घास धरला, उचलला, आणि तो टेबलावर पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. माझा हात आपोआप पुढं गेला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. मदत करण्यापेक्षा न करणं किती जड असतं ते मला तेव्हा कळलं. मग चार शितं बोटांना चिकटून राहिली. हात अर्ध्यापर्यंत वर आला, उरलेलं अर्धं अंतर तोंड खाली वाकून आलं, आणि ती शितं तोंडात गेली. निम्मी हनुवटीवर राहिली. वहिनी चावत होती आणि रडत होती. मीही रडले, कशाला लपवू.

ती काहीतरी म्हणायला लागली. मी थांबले, थांबायला आता शिकले होते.

"सांगू… नको. त्यांना."

का म्हणून मी विचारलं. तिला पुन्हा वेळ लागला. "पहिला… त्यांच्या समोर."

बाहेर फाटक वाजलं. वहिनीनं डाव्या हातानं पदर ओढून हनुवटी पुसली आणि डोळ्यांनी मला ताट दाखवलं. मी घाईघाईनं टेबल पुसलं, भात सारखा केला आणि शहाण्यासारखी बाजूला उभी राहिले.

भाऊ एकटेच आले होते. अंजू उमरीला गेली होती, सोमवारी येणार होती. क्लिनिकमधल्या माणसानं तिच्याशी फोनवर बोलणं करून दिलं. तिनं सांगितलं होतं, हाताखाली उशी द्या, ओढू नका, उद्या सकाळी डॉक्टरांना खांदा दाखवा, बाकी मी आल्यावर बघते. भाऊंनी हे सगळं खाली बघत सांगितलं. मग स्टूल ओढून वहिनीसमोर बसले, अंजू बसायची तसे.

"खांदा मीच ओढला," ते म्हणाले.

वहिनीनं डाव्या हातानं आपलं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "ताट घ्या… तुमचं बी. संगं जेवू."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. ताट कुठं असतं, भात कशात आहे, काही माहीत नव्हतं त्यांना. खडखडाट ऐकून मी जाणार होते, पण वहिनीनं मान हलवली. आपलं ताट आपण वाढून घेऊन ते आले. पहिला घास हातात घेतला आणि तोंडात घातलाच नाही, तिची वाट बघत धरून बसले. वहिनीनं बोटं उघडली. घास धरला. पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. पडला की पाडला, मला सांगता येणार नाही. मग हात अर्ध्यापर्यंत आला, तोंड वाकून खाली आलं आणि घास आत गेला. भाऊंचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मी घरी आले तर मालक जेवण झालं नाही का म्हणून ओरडत होते. मी वाढलं.

सोमवारी अंजू आली. खांदा बघून ती गोडगोड बोलली नाही. म्हणाली, हे जपावं लागेल, आपण थोडे मागं गेलोय, हात पूर्ण पहिल्यासारखा होईल असं मी आधीही म्हटलं नव्हतं, आताही म्हणत नाही. पण जेवणाचं जमेल. मग तिनं विचारलं, मधल्या दिवसांत हाताला काही काम सांगितलं का?

सटवाजीभाऊ उठून उभे राहिले. आवाज असा की गल्लीला ऐकू जावा. "पहिला घास उचलला तिनं. माझ्यासमोर. तू नव्हतीस."

"खरंच, मावशी? काकांसमोर?"

वहिनीनं अंजूच्या खांद्यावरून एकदा माझ्याकडं बघितलं.

"हाव," ती म्हणाली, आणि या वेळी शब्दाला अजिबात वेळ लागला नाही.

इतके दिवस मी राजकन्या वहिनीवर जळत होते. त्या दिवशी मला सटवाजीभाऊंचा हेवा वाटला.